नळीखालचं गवत

आमच्या निमगाव केतकीत बोअरचं पाणी इतकं खारं, की डाळ शिजता शिजत नाही. म्हणून घरोघरी पाणी गोड करणारी मशीनं आली. मशीन एक हंडा गोडं पाणी देतं आणि त्याहून जास्त, आणखीच खारट झालेलं पाणी मागच्या नळीतून टाकून देतं. लोकांनी ती नळी मोरीत सोडली. माझ्या मुलानं ती अंगणात सोडली आणि तिच्याखाली गवत लावलं.

तो शेतीचं शिकलेला, तेव्हा बारामतीच्या एका नर्सरीत कामाला होता. तिथून त्यानं समुद्रकाठच्या, मीठ पचवणाऱ्या गवताच्या गड्ड्या आणल्या. शेतातली हरळी खणता खणता आमच्या कमरा गेल्या, आणि हा विकतचं गवत घरात आणतो, म्हणून मी त्याला भरपूर बोलले. मी जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स. बोलणं हा नोकरीचा निम्मा भाग होता.

त्यानं काळी माती उपसली, मुरूम आणि वाळू भरली, उतार काढून दिला. "आई, ह्याला खारं पाणी चालतं, पण भरपूर लागतं," तो म्हणाला. "भरपूर पडलं की मीठ मुळांच्या खाली जातं. थोडं थोडं दिलंस तर पाणी उडून जाईल आन् मीठ वर राहील." बोअरची मोटर गवतासाठी लावायची नाही, मशीनच्या टाकाऊ पाण्यावरच ते जगलं पाहिजे, हा नियमही त्याचाच.

तेव्हा घरात मुलगा, सून, नात आणि मी. शिवाय पै-पाहुणा. मशीन दिवसभर घुं घुं करायचं. उन्हाळ्यात गवत असं माजायचं की मुलगा सुट्टीच्या दिवशी कात्री घेऊन बसायचा.

मग त्याला दुबईला नोकरी लागली, हिरवळी सांभाळायचीच. पुढच्या वर्षी सून आणि नातही तिकडे गेल्या. मशीनची टाकी भरली की ते आपोआप बंद होतं. त्या दोघी गेल्या त्या संध्याकाळी ते बंद झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुरूच झालं नाही. एकट्या बाईला पाणी लागतं तरी किती! सकाळची भाकरी रात्री दुधात कुस्करून खायची. डाळ एकटीसाठी कोण शिजत घालतो? मला फार एकटं वाटायचं. त्याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

मुलगा व्हिडिओ कॉलवर आधी माझं तोंड बघतो, मग गवत. थंडीभर मी त्याला सांगत राहिले, "थंडीत पिवळं पडतंच की, तूच म्हणाला होतास." पण होळी झाली, ऊन तापलं, तरी गवत फुटेना. उलट भिंतीला लोणा लागतो तसा पांढरा थर वर येऊ लागला. मी नळीजवळचा तेवढा हिरवा कोपरा दाखवायचे.

एकदा तो म्हणाला, "नळीपासून लांबचं दाखव." दाखवलं.

"आई, स्वयंपाक करतेस का गं तू?"

"गवत बघतोयस का मला तपासतोयस?"

"गवतावरनं कळतं मला, घरात पाणी किती लागतंय ते. मे महिन्यात रजा टाकतो. येऊन बघतोच तुला."

तो यायला मला हवाच होता. पण दवाखान्यात पेशंटला बघायला येतात तसा नको. अंगण पांढरं दिसलं तर सगळी रजा मला डॉक्टरकडे फिरवण्यात घालवेल. हिरवं दिसलं तर निवांत आईकडे राहील. म्हणून गवत हिरवं व्हायलाच हवं होतं.

मशीन चालवून गोडं पाणी मोरीत ओतायला हात धजेना. माझ्या फाटकासमोरच एसटीचा थांबा आहे. चैत्र लागला तशी मी बाहेर पाणपोई मांडली. दोन माठ, त्यांना ओलं फडकं, साखळीला बांधलेला पेला. थांब्यावर रोज बसणारे शेजारचे तात्या पहिलाच पेला पिऊन म्हणाले, "सिस्टरबाई, पानी लई ग्वाड हाय. पुण्य लागंल तुमास्नी." पुण्य माठाचं, डोळा गवतावर!

"तोंड लावू नका पेल्याला, वरनं प्या," मी आतून ओरडायचे. दुपारपर्यंत माठ रिकामे व्हायचे. बस आली की पेला तसाच लोंबकळत सोडून सगळी माणसं निघून जायची. पण मशीन पुन्हा घुं घुं करू लागलं, पांढरा थर धुऊन गेला, कोंब सरपटत फरशीपर्यंत आले.

मे महिन्यात मी फोन हातात धरून सगळं अंगण फिरून दाखवलं. तो मोठ्यानं हसला.

"आता बरं वाटलं, आई. घरात माणसांचा राबता दिसतोय. मला लई काळजी लागली होती." मग म्हणाला, "रजा मागं घेतो मग. हितं उन्हाळ्यात माणसं कमी हायत. दिवाळीला बघू."

"बघ की," मी म्हणाले. "मला काय धाड भरलीय!"

दुसऱ्या दिवशी मी माठ भरले नाहीत. मशीनचं बटणही बंद केलं. थोड्या दिवसांत गवत पांढरं पडेल, मग फोन लावीन आणि सगळे कोपरे दाखवीन, असं ठरवून पडून राहिले.

दुपारी साखळी वाजली. खिडकीतून पाहिलं तर तात्या. त्यांनी एका माठाचं झाकण उचलून आत पाहिलं, मग दुसऱ्याचं. दोन्ही झाकणं नीट ठेवली आणि फाटकाला धरून घराकडे हाक मारली, "सिस्टरबाई, बऱ्या हाय न्हवं तुमी?"

मला रडू आलं.

"बरी हाय," मी आतूनच ओरडले, आणि उठून बटण दाबलं.