फळीखालचा अणू

"मॅडम, फळी उचला. न्हायतर सोमवारपासून येऊ नका."

अकरावीच्या लॅबमध्ये, सगळ्या वर्गासमोर, आमच्या संस्थेचे चेअरमन हे बोलले. ज्यांना बोलले त्या वर्षा मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे घेतले तेवढ्याच तासांचे पैसे आणि दरवर्षी नवी ऑर्डर. पेठ वडगावहून रोज एसटीने यायच्या. घर त्यांच्यावरच चालायचं. मी रसायनशास्त्राचा विभागप्रमुख. शेजारीच उभा होतो आणि स्वतःच्या बुटांकडे बघत होतो.

भांडण अणूवरून होतं. हसू नका.

अणूचा इतिहास आम्ही वर्षानुवर्षं नावं आणि सनावळ्या घोकून घेऊन शिकवला. मीही तसाच. खरं तर गोष्ट साधी आहे. आधी एकाने सांगितलं, अणू म्हणजे न फुटणारी भरीव गोळी. पुढे दुसऱ्याला त्या गोळीतच ऋणभाराचे कण सापडले. तो म्हणाला, हे लाडवातल्या बेदाण्यांसारखे आत बसलेले असणार. मग तिसऱ्याने सोन्याच्या पातळ पत्र्यावर कणांचा मारा केला. बहुतेक कण आरपार गेले, थोडे उलटे परत आले. म्हणजे अणू जवळजवळ पोकळ, आणि मधोमध काहीतरी इवलंसं, कठीण. यातल्या एकानेही अणूच्या आत डोकावून बघितलं नव्हतं. लेकाच्यांनी अंदाज केला, तपासला आणि चुकला तेव्हा टाकून दिला.

हे पोरांना कळावं म्हणून मॅडमनी लॅबच्या फरशीवर चार विटांवर मोठी फळी ठेवली. कडेने कागदाची झालर, खाली गोटी जाईल एवढीच फट. आत काय आहे ते गोट्या सोडून ओळखायचं. फळी मात्र उचलायची नाही, शेवटपर्यंत नाही.

पोरं आठवडाभर भांडत होती. माझ्या नोकरीत पोरं रसायनशास्त्रावरून भांडलेली मी तेव्हाच पाहिली. पण पालकांना हे कसं सोसावं? कॉलेजात गोट्या खेळवतात आणि वर उत्तरही सांगत नाहीत, अशी तक्रार गेली. सीईटीला गोट्या विचारणार आहेत का, असं एकाने मलाच विचारलं.

चेअरमनसाहेब गुळाच्या अडतीतले. सौद्यात गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडून आतला रंग बघितल्याशिवाय बोली लावायची नाही, ही पिढीजात सवय. कॉलेजही त्याच नजरेने चालवायचे. उत्तर झाकून ठेवणारा मास्तर त्यांना माल लपवणाऱ्यासारखा वाटला असावा.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आधी तुम्ही गोट्या टाका."

पोरांसमोर नाही कसं म्हणणार? साहेब पांढरी पँट सावरत उकिडवे बसले. पहिल्या पाच-सहा गोट्या पलीकडून सरळ बाहेर पडल्या. एक टणकन वाजली आणि त्यांच्याच पायाशी परत आली. साहेबांनी बाजू बदलली. मग पुन्हा बदलली. त्यांच्या कपाळाला घाम आला. चहा घेऊन आलेल्या शिपायाला त्यांनी हातानेच थांबवलं.

"सगळं पोकळ हाय," ते अखेर म्हणाले. "मधोमध तेवढं काय तरी ल्हान, कठीण बसलंय."

मॅडमचा चेहरा उजळला. "बरोबर, साहेब. त्या शास्त्रज्ञालाही एवढंच कळलं होतं. त्याच्याकडे उचलायला फळी नव्हती."

"आमच्याकडं हाय की," साहेब म्हणाले, आणि त्यांनी फळी उचलली.

खाली अर्ध्या किलोचं लोखंडी वजन होतं. "बघा, म्हटलंवतं न्हवं?" म्हणून साहेबांनी वर्गाकडे पाहिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी गोट्या गोळा करायला घेतल्या.

मॅडमची ऑर्डर टिकली. साहेब इतके खूश झाले की प्रयोग कॉलेजच्या छापील नोट्समध्ये घालायचा हुकूम सुटला, वजनाच्या फोटोसकट. पुढच्या वर्षीही मॅडमनी फळी मांडली. एकाही पोराने गोटी हातात घेतली नाही. उत्तर पान बारावर होतं.

त्या वर्षी सहामाहीचा पेपर मी तपासला. गोट्यांच्या प्रयोगावरून अणूविषयी काय निष्कर्ष निघतो, असा प्रश्न होता. झाडून सगळ्यांनी लिहिलं होतं, "फळीखाली अर्ध्या किलोचे वजन असते."

मी पैकीच्या पैकी मार्क दिले. मॉडेल आन्सरमध्ये तेच होतं, आणि मॉडेल आन्सर मीच लिहिलं होतं.