चिकटपट्टी लावलेली कॅसेट

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. तरी लिहितो.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी लोणारला बसस्टँडसमोर माझं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. गाण्यांच्या कॅसेटही भरून द्यायचो. सरोवर बघायला आलेली एक वयस्क परदेशी बाई फीत गुंतलेली कॅसेट देऊन गेली. मी ती सोडवली, लावून पाहिली. बाईमाणसाचा गाता आवाज, भाषा अनोळखी. दोनच ओळी ऐकल्या नि बंद केली.

आठ दिवस बाई आली नाही. नवव्या दिवशी मित्र शेषराव लग्नाची गाणी भरून घ्यायला आला. कोऱ्या कॅसेट संपलेल्या.

"अबे, हिच्यातच भर ना! ती गोरी काय कॅसेटसाठी विमान वापस फिरवते का?"

कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा मुद्दाम तोडलेला होता, म्हणजे यावर पुन्हा काही भरू नये. आम्ही दुकानवाले त्या भोकावर चिकटपट्टी लावायचो, की पुन्हा भरता येतं. मीही लावली, नि त्या आवाजावर लग्नाची गाणी भरून दिली.

दुसऱ्या दिवशी बाई आली. अजिंठ्याला आजारी पडली होती. सोबतच्या गाइडनं सांगितलं — या ज्यू आहेत. आवाज यांच्या मावशीचा. नावाजलेली गायिका होती. नाझींनी छावणीत नेली, तिथंही अधिकाऱ्यांपुढं गायला लावायचे. परत आली नाही. तिच्या गाण्याची उरलेली एकच तबकडी, तीही पुढं फुटली; त्याआधी तिच्यावरून उतरवलेली ही एकच कॅसेट.

मी म्हणालो, "फीत खराब झाली होती. फेकली."

बाईनं पर्समधून पेन काढलं. कागदावर पत्ता लिहून दिला — तुकडा जरी सापडला तरी पाठवा.

गेल्या महिन्यात दुपारी माझी बायको सुनंदा मेथी निवडता निवडता गुणगुणत होती. त्याच दोन ओळी. शब्दांसकट! आणि मी जिथं बटण दाबून बंद केलं होतं, तिथून ती पुढं गेली... शेवटपर्यंत.

"कुठं ऐकलं हे?"

"काय मालूम. आपोआपच येऊन राह्यलं. काऊन हो, तोंड काऊन असं उतरलं तुमचं?"

"परत म्हण." मी मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून पुढं धरला.

"आता या वयात मले गायिका करता का?" ती हसली. पण म्हणाली.

सुनंदा मलकापूरची, आमचं लग्न त्यानंतरचं. कॅसेट शेषरावकडं गेली, तिच्यात नुसता बँडबाजा. मला सूर धरता येत नाही, मी ते कधी गुणगुणलोही नाही. मग तिच्याकडं कुठून आलं?

पत्ता अजून पाकिटात आहे. बाई हयात आहे की नाही, ठाऊक नाही. गाणं पाठवायचं तर आधी लिहावं लागेल — फीत खराब झाली नव्हती, मी पुसली. एवढं एक वाक्य मी तिला देणं लागतो. अजून लिहिलेलं नाही.