देवळाकडल्या बावीचा नमुना

"ती बाटली खाली ठेव. थंयच. फुडे येव नको."

खोत बोलले आणि मी ठेवली. विहिरीपासून वीस पावलांवर, लाल मातीत. सरकारी बाटली होती ती. वाफेच्या भांड्यात घालून जंतू मारलेली, बुचावर कागद बांधलेली. आत नुसतं बोट लागलं तरी बाद होते, हे मला शिकवलं होतं. मी आरोग्य खात्याचा माणूस होतो. अंगावर खाकी डगला होता. तरी ठेवली.

गावात पटकीची साथ होती. भादवा सरत आलेला. रोग म्हारवाड्यातून येतो, वाडी हलवा, असा अर्ज खोतांनीच मालवणला आमच्या कचेरीत केला होता. कचेरीतले साहेब म्हणाले, आधी विहिरीचं पाणी तपासू. म्हणून मला धाडलं. माझंच गाव. याच देवळाकडल्या विहिरीखाली माझी आये जन्मभर घागर घेऊन बसली, "पाणी वाढा गो बाय" करत. विहिरीला आमचा हात लावायचा नाही. वरच्या कोणा बाईला दया आली तर ती घागरीत ओतणार. नाही आली तर बसा उन्हात.

खोतीणबाई तांब्या घेऊन आल्या. गोमूत्र. बाटलीवर शिंपडलं. तेवढ्यावर भागलं नाही. गड्याला म्हणाल्या, "बूच काढ. ह्याचो हात लागलोहा तिका. आतसूनय शुद्ध होवक होयी."

गड्याने कागद फाडला. तांब्यातलं आत ओतलं, खळखळ हलवलं, फेकून दिलं. मग त्याच बाटलीत त्यांच्या घागरीतलं पाणी भरलं. विहिरीतलं नव्हे, घागरीतलं.

मला सगळं कळत होतं. जंतू शोधायच्या बाटलीत यांनी गुराचं मूत घातलं होतं. शुद्ध केली म्हणे! अरे, शुद्धच होती ती. तुमच्या देवळातल्या कुठल्याही भांड्यापेक्षा शुद्ध होती. तोंडाशी आलं होतं. आणि बोललो काय?

"व्हय धनी."

थू माझ्या जिभेवर. बाटली उचलली, चिठ्ठी चिकटवली, मासळीच्या बर्फात घातली, कट्टा गावापर्यंत जाऊन एस.टी.ने कोल्हापूरच्या प्रयोगशाळेकडे पाठवली. साहेबांनाही खरं सांगितलं नाही. नोकरीची भीती. आयेला वाडीत राहायचं होतं, तिची भीती. भीतीला कारणं कमी पडत नाहीत.

दहाव्या दिवशी कागद आला. नमुना निकामी, घेताना निष्काळजीपणा झाला, पुन्हा पाठवावा. साहेबांनी सगळ्या कारकुनांसमोर वाचला. "तुम्हा लोकांना नोकऱ्या हव्यात," म्हणाले, "काम मात्र नको." कारकून हसले.

त्या दहा दिवसांत माझी बहीण गेली. शेवंती. खोतांच्याही घरात दोघांना हगवण लागली होती. त्यांच्यासाठी कुडाळहून मोटारीने डॉक्टर आला. मोटार वाडीच्या तोंडावरून गेली आणि तशीच परतली, आत वळली नाही. शेवंतीला सकाळी सुरू झालं आणि दुपारी तिचे डोळे खोल गेले. ओठ फाटले. "माका पाणी दी रे दादा, माका पाणी दी." मी पाणी दिलं. त्याच विहिरीचं. दुसरं होतं कुठे? तिन्हीसांजेला ती थंड झाली.

पुरून आलो. आये भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर शेवंतीचं नऊ महिन्यांचं चेडू. रडली नाही. मला म्हणाली, "ह्या चेडवाक आता खंयचा पाणी पाजू? तू सरकारचो माणूस मां? सांग."

काय सांगू? लोक म्हणतात शेवंतीला पटकीने नेलं. मी म्हणतो, माझ्या 'व्हय धनी'ने नेलं. पहिल्या दिवशी तोंड उघडलं असतं तर ती विहीर कधीच बंद झाली असती.

कागद आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेलो. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. नवी बाटली, माझा दोर. कोणाला विचारलं नाही. चिऱ्याच्या पायऱ्या चढलो आणि विहिरीच्या काठावर उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा आत वाकून बघितलं. पाणीच होतं. नुसतं पाणी.

बाटली सोडली. भरली. वर घेतली, तोंड स्पिरिटच्या पेटत्या बोळ्यावर धरून भाजलं, बूच लावत होतो आणि पाठीत पहिला फटका बसला. भिजलेल्या काथ्याच्या दोराची गाठ. खोतांचा पुतण्या.

"कोणाक इचारून चढलंस रे बावीर, म्हारड्या?"

दुसरा कानावर. तिसरा तोंडावर. दात तुटला, तोंड रक्ताने भरलं. मान वळवून थुंकलो. बाटलीवर थेंब पडू दिला नाही. आधी बूच घट्ट केलं. कागद बांधला. पेटीत, बर्फात ठेवली. तोवर तो मारतच होता. कातडी सोलून निघत होती, आणि मी गाठ मारत होतो.

मग वळलो. दोर पकडला आणि असा हिसडा दिला की तो तोंडावर चिऱ्यावर आपटला. त्याच्या मानेवर गुडघा दिला, डोकं काठाबाहेर काढलं. खाली काळं पाणी दिसत असणार त्याला.

"परत मारलंस तर ह्याच बावीत ढकलतलंय तुका. मगे बसा गोमूत्र ओतीत!"

खोत ओरडत होते. बायका किंचाळत होत्या. पुढे कोणी आलं नाही. मला वाटलं होतं धावून येतील, जीव घेतील. एक माणूस पुढे आला नाही. एवढंच होतं का हे? एवढ्याला आम्ही बापजाद्यांपासून भीत आलो?

यावेळी कागद खरा आला. माणसाच्या विष्ठेतले जंतू. पाणी पिण्यास अयोग्य. खोतांच्या मुंबईच्या मुलाने घरामागे, विहिरीच्या वरच्या अंगाला, नवा खड्ड्याचा संडास बांधून घेतला होता. त्यांच्या घरची घाण विहिरीत झिरपत होती आणि वरून आमच्या घागरीत ओतली जात होती. चोर तो चोर, वर शिरजोर, आणि अर्ज आमच्या नावाचा!

संडास बुजवला गेला. विहिरीत पावडर पडली. दर महिन्याला नमुना घ्यायचा हुकूम झाला. मग खोत कचेरीत आले. कचेरीत ते शुद्ध बोलतात. "साहेब, तपासणीला आमची हरकत नाही. माणूस बदला."

साहेबांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "माफीच्या चार ओळी लिही. मी तिथे दुसरा पाठवतो."

दुसरा कोण, मला ठाऊक होतं. तो खोतांच्या ओटीवर चहा पिणार. बाटली त्यांच्या गड्याकडून भरून घेणार, ती पण कुठल्या तरी चांगल्या विहिरीतून. पाणी उत्तम, असा कागद येणार. आणि शेवंतीचं चेडू मात्र याच विहिरीचं पिणार.

लिहिल्या चार ओळी. खोतांच्या तोंडावर वाचून दाखवल्या. "या विहिरीचा नमुना मी माझ्या हाताने घेतला. यापुढेही मीच घेणार. अडवणाऱ्याचं नाव फौजदाराकडे देणार. मला काढायचं असेल तर कारण लेखी द्यावं."

साहेब म्हणाले, "नोकरी जाईल तुझी."

"जावंदे," मी म्हटलं. कचेरीत पहिल्यांदाच आमच्या बोलीत बोललो. "नोकरी गेली तरी बावीर जातलंय. आणि आता कोणी हात उगारलो, तर तो हात मोडतलंय."

रागाच्या भरात बोलला, असं साहेब मागाहून सगळ्यांना सांगत फिरले. छट्! पूर्ण शुद्धीवर बोललो. महिना भरला तेव्हा गेलो. हातात बाटली, कमरेला कोयता.