हिरव्या रंगाखालचा आदेश

आमच्या लोकर सोसायटीचं घोंगडं पांघरून माणूस विहिरीत पडला, तरी कोरडा बाहेर यायचा. मी चेअरमन असताना ही थाप इतक्यांदा मारली, की लासूर स्टेशनच्या बाजारात गिऱ्हाईकं ती मलाच ऐकवायची. सोसायटी गेली कशी, ही गोष्ट मात्र मी आजवर जरा फिरवूनच सांगत आलो.

सभासद सगळे मेंढरांमागं, त्यामुळं वार्षिक सभा वर्षानुवर्षं झालीच नाही. मागावर बसायची एकटी माझी चुलती. सोसायटी चालायची तिच्या हातांवर, माझ्या तोंडावर नुसती गाजायची.

दिवाळीच्या तोंडावर निबंधक कचेरीचा शिपाई आला. कागद डकवायला त्यानं चुलतीकडंच खळ मागितली. घोंगड्याला लावायची चिंचोक्याची खळ तिनं वाटीभर दिली. कागद सोसायटीच्या दारावर बसला.

"चेरमन, सरकारी कागद हाय. वाच की."

"काकू, सणासुदीला सरकार वाचू नये. पचत नाय."

दार तर रंगवायचं होतं. कागद काढायला गेलो, पण तिची खळ ती, निघतो कसला? मग वरूनच हिरवा रंग दिला, चांगले दोन हात. दार असं झळकलं, की रेल्वेचा ड्रायव्हर सिग्नल समजून गाडी पळवायचा.

तो कागद म्हणजे सभा न घेतल्याबद्दल सोसायटी गुंडाळायचा अंतरिम आदेश होता. महिन्याच्या आत म्हणणं मांडा, नाहीतर आदेश कायम. आता म्हणणं मांडण्यात माझा हात धरणारा अख्ख्या गंगापूर तालुक्यात नव्हता. पण महिना रंगाखालीच सरला.

मग अवसायक आले, म्हणजे बुडत्या संस्थेचं सगळं ताब्यात घेऊन निरवानिरव करणारे साहेब. भला माणूस. मागाला सील लावायला वाकले, तर मागावर अर्धं विणलेलं घोंगडं.

"साहेब, एवढं उतरवू द्या. चार दिसांचं काम हाय," चुलती म्हणाली.

"मावशी, आता लोकरसुद्धा संस्थेची. मला परवानगी नाही देता येत. चेअरमननी वेळेत दोन ओळी लिहून दिल्या असत्या, तर माग वाचला असता."

चुलतीनं माझ्याकडं पाहिलं. "दारावरचाच का रं तो कागद?"

"नाय काकू. तो वेगळा होता."

उभ्या जन्मात एवढी लहान थाप मी मारली नव्हती. तिनं ती लगेच मानली. पुन्हा मागावर बसायला मिळालं नाही तिला. जाईस्तोवर ती त्या शिपायालाच बोल लावायची, एवढी वाटीभर खळ देऊनबी मेल्यानं खरा कागद लावला नाय म्हणून.