पाठीवरची करवंटी

कचेरीत फायलीवर मान टाकून मी पेंगायचो आणि रात्री बायको कोपराने ढोसून ढोसून माझ्या झोपेचं खोबरं करायची. माझं डोकं फिरायचं. शेवटी तीच मला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर म्हणाले, “झोपेची तपासणी मुंबईला यंत्रावर होते, रत्नागिरीत कुठलं यंत्र? तुम्ही इथेच जरा झोपून दाखवा.”

भर दुपारी, दवाखान्याच्या बाकावर झोपून दाखवायचं! पण डोळा लागलाच. माझा श्वास अडकला की बायको सवयीने ढोसायची. वैतागून डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं. मग मला गदागदा हलवून उठवलं ते त्यांनीच. त्यांचा चेहरा पांढराफटक.

“अहो, झोपेत तुमचा श्वास थांबतो! वजन उतरवा, उताणे झोपू नका. बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात चेंडू ठेवा.”

आमच्या घरात चेंडू कुठला? बायकोने खिशात नारळाची करवंटी घातली. रविवारी जेवून आडवा झालो. जरा उताणा झालो की ती मेली टोचायची. कूस बदलून बदलून जीव मेटाकुटीला आला. शेवटी उठून बसलो आणि बायकोवर ओरडायला वळलो.

आता पहारा करवंटीकडे होता. लग्नानंतर पहिल्यांदाच बायको माझ्याआधी झोपली होती. चक्क घोरत होती.