नाव त्यांचं, खोदकाम माझं

भांड्यांच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात. एक म्हणजे डबे गेले तरी मागे राहिलेली झाकणं, आणि दुसरे म्हणजे किस्से. झाकणं मी वर्षातून एकदा भंगारात देतो. किस्से कोण घेणार! म्हणून ते असे तुमच्यापुढे मांडून बसतो.

माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान इथे कानडी मुलखात, मल्लेश्वरमला आहे. घेतलेल्या भांड्यावर नाव फुकट घालून देतो. बारशाची वाटी, लग्नाचं तांब्याभांडं, वास्तुशांतीचं ताट, सगळ्यांवर. मशीनची सुई हातात धरली की ती मधमाशीसारखी गुणगुणते आणि नाव उमटतं. अख्ख्या पेठेतली नावं अशी माझ्या हाताखालून जातात.

पण ती सुचतात श्रीपादरावांना!

श्रीपादराव म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि नावं ठेवायला लागले. चांगल्या अर्थाने म्हणतोय. इथल्या मराठी घरात मूल जन्मलं, गाय व्याली, कुणी पोळी-भाजीचं केंद्र काढलं, की लोक पेढे घेऊन त्यांच्याकडे जातात. ते डोळे मिटतात, घोटभर कॉफी घेतात आणि नाव सांगतात. मग लोक ते नाव घेऊन माझ्याकडे येतात. पेढे तिकडे, खोदकाम इकडे!

खोटं कशाला बोलू, मला जळायला होतं. मी शाळा अर्धी सोडली, पण वाचन त्यांच्यापेक्षा कमी नाही. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, या गावात कुणीतरी म्हणावं, "हे नाव रंगण्णांनी ठेवलं बरं का!" एवढीच इच्छा.

\* \* \*

श्रीपादरावांचं नाव झालं ते शांताक्कांमुळे. शांताक्का आमच्याच गल्लीत राहतात. घरी चटणीपूड करून विकायच्या. धंदा वाढला, पाकिटं छापायची वेळ आली आणि त्या नाव विचारायला माझ्या दुकानात आल्या. आधी माझ्याकडे आल्या, हे लक्षात ठेवा!

मी दोन दिवस विचार करून सांगितलं, "अन्नपूर्णा फूड प्रॉडक्ट्स."

शांताक्का म्हणाल्या, "सरी, ठीक, छान आहे." म्हणजे आवडलं नव्हतं. तिथून त्या थेट श्रीपादरावांकडे गेल्या.

श्रीपादरावांनी एकच प्रश्न विचारला. "गिऱ्हाईक तुमच्या दारात आल्यावर काय म्हणतं?"

"काय म्हणणार! 'शांताक्का, स्वल्प जास्ती घाला' म्हणतं."

"झालं तर. तेच नाव!"

आज 'स्वल्प जास्ती' चटणीपूड परदेशात जाते. पाकीट बघितल्यावर कानडी माणूसही हसतो आणि मराठी माणूसही. आणि मी तेच वाक्य जन्मभर काउंटरवर ऐकत आलोय हो! फक्त माझ्याकडे लोक ते डिस्काउंटच्या बाबतीत म्हणतात.

\* \* \*

पुण्याहून नोकरीला आलेलं एक आयटीतलं जोडपं श्रीपादरावांकडे न जाता परस्पर माझ्याकडे आलं. मला कोण आनंद! म्हटलं, हे नव्या विचारांचे लोक, मला विचारतील.

"काका, बाळाचं नाव आमचं ठरलंय," मुलगा म्हणाला. "ह्रीधान. जगात कुणाचंच नाहीये. ईमेल आयडी पण मिळाला!"

"अर्थ काय?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "अर्थ बघतोय अजून," मुलगी म्हणाली.

वाट्यांवर नाव घातलं, वाट्या पॅक केल्या. दुसऱ्या दिवशी त्या मुलाची आई एकटीच एक वाटी घेऊन आली. नऊवारी नाही, गुडघादुखी नाही, चांगली पंजाबी ड्रेसमधली तरतरीत बाई.

"भाऊ, हे नाव हाक मारायला नाही, पासवर्डला आहे. या वाटीच्या बुडाला 'बबन' घाला."

"अहो, पण मुलाला कळलं तर?"

"त्याने आजवर कधी वाटी घासलीय? बूड कोण बघतंय!"

तेव्हा मला एक शोध लागला. नाव ठेवण्याच्या बाबतीत माझ्यापुढे श्रीपादरावच नाहीत, पंजाबी ड्रेसमधल्या आज्यासुद्धा आहेत!

\* \* \*

एकदा मात्र श्रीपादराव आपटले. तो दिवस मी अजून चवीने आठवतो.

गल्लीत एक भटका कुत्रा आला, लोकांना त्याचा लळा लागला. त्याला भांडं हवं, भांड्यावर नाव हवं. मी म्हटलं, "टायगर." लोक म्हणाले, श्रीपादरावांना विचारू. श्रीपादरावांनी डोळे मिटून 'श्यामल' सांगितलं. कुत्रा काळा होता, लोकांनी माना डोलावल्या.

कुत्रा मात्र श्यामलला ढिम्म. टायगरलाही ढिम्म, पण ते सोडा. तो धावत जायचा फक्त कोपऱ्यावरच्या इमारतीच्या वॉचमनकडे. तो वॉचमन जगातल्या प्रत्येकाला 'सर' म्हणतो. रोज दुपारी ताटातली भाकरी मोडून म्हणायचा, "सर, ऊटा!" म्हणजे, सर, जेवण.

कुत्र्याची समजूत झाली, आपलं नाव सर!

शेवटी भांड्यावर मी 'सर' घातलं, जरा जास्तच वळणदार अक्षरात. आता गल्लीत कुणी "सर!" अशी हाक मारली की दोन निवृत्त इंजिनिअर, एक प्राध्यापक आणि एक कुत्रा मागे वळतात. सगळ्यांत आधी कुत्रा पोचतो.

\* \* \*

माझ्या दुकानाला नाव नाही असं नाही. वडिलांनी आमच्या कुलदेवीचं दिलं होतं. मी खर्च करून नवा बोर्ड लावला, 'स्टील वर्ल्ड'. रात्री दिव्यांनी झगमगतो. माझ्या डोक्यातून निघालेलं नाव! म्हटलं, आता बघूया.

बोर्ड लावल्याच्या पहिल्याच संध्याकाळी एक गिऱ्हाईक बरोबर बोर्डाखाली उभं राहून फोनवर बोलत होतं.

"अरे ये ना इकडे. कुठे म्हणजे? ते बुचाच्या झाडाखालचं भांड्यांचं दुकान. हो, झाडाखालचं. नाव? थांब बघतो..." त्याने मान वर केली. बोर्डाचा प्रकाश त्याच्या डोळ्यांत गेला. त्याने डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाला, "नाव काही दिसत नाही रे, झाड दिसतंय."

माणसाला साडूचा हेवा वाटणं मी समजू शकतो. मला त्या दिवसापासून झाडाचाही वाटतो.

बायकोने हे बहिणीच्या घरी हसत हसत सांगितलं. त्यावर श्रीपादराव गंभीरपणे म्हणाले म्हणे, "का? त्या दुकानाला नाव होतं का?"

\* \* \*

आता आमच्या धंद्याचा एक नियम सांगतो. बारशापर्यंत बाळाचं नाव गुपित असतं. आत्याने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात ते सांगायचं, मग जगाला कळायचं. पण वाट्या आधी कराव्या लागतात, म्हणून भांडेवाल्याला ते आत्याच्या आधी माहीत असतं. मशीनवाल्याने ते कुणाला सांगायचं नाही. जीव गेला तरी नाही!

जाधवांच्या घरात दोन जावा एकाच महिन्यात बाळंत झाल्या. दोघींना मुलगे. बारसं एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये. थोरली गुपचूप येऊन नाव सांगून गेली, "अद्वैत. श्रीपादकाकांनी दिलंय. जाऊबाईंना कळू देऊ नका."

दोन दिवसांनी धाकटी आली. "अद्वैत. श्रीपादकाकांनी दिलंय. जाऊबाईंना कळू देऊ नका."

मी लगेच वाट्या काढायला घेतल्या. आनंदाने! श्रीपादराव विसरले होते, एकच नाव दोघींना देऊन बसले होते. नियम म्हणजे नियम. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. दोन्हीकडच्या वाट्या अगदी मन लावून केल्या, नवा शर्ट घातला आणि बारशाला पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

आत्याने पहिल्या पाळण्यात कुर्र केलं. "अद्वैत!" टाळ्या. दुसऱ्या पाळण्याकडे गेली, हातातली चिठ्ठी उघडली, परत वाचली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "...अद्वैत."

सगळे श्रीपादरावांकडे बघायला लागले. मी तर केव्हाचा बघत होतो.

श्रीपादराव सावकाश उठले. "अद्वैत म्हणजे काय?" ते म्हणाले. "दोन नाहीत! दोन भाऊ, दोन चुली, पण घर एक. म्हणून मुद्दाम."

जाधव आजोबांनी तिथेच डोळे पुसले. दोन्ही जावांनी एकमेकींना मिठी मारली. तुम्हीच सांगा, असल्या माणसाशी जिंकायचं कसं!

\* \* \*

आणि मग माझ्या मुलीला मुलगी झाली.

गौरी येलहंक्याला असते. जावई पुण्याचे, आयटीत. नातीला बघायला आम्ही सगळे गेलो होतो. श्रीपादरावही होते, खिडकीशी संत्रं सोलत बसले होते. नातीला मांडीवर घेतलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कावेरी."

मग गौरी हसायला लागली.

"अप्पा! आमच्या अपार्टमेंटला अजून कावेरीच्या पाण्याचं कनेक्शन मिळालं नाहीये. टँकर येतो. लोक म्हणतील, नळाला नाही आली ती घरात आली!"

जावई सभ्य आहेत. म्हणाले, "बाबा, छान आहे, पण थोडं जुनं वाटतं ना?"

श्रीपादरावांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली.

बारसं जवळ आलं. मी मशीनला नवी सुई लावून ठेवली. माझ्या नातीच्या वाट्या, दुसरं कोण करणार! नाव काहीही असो, उमटणार माझ्या हातून. एक दिवस गेला, दोन गेले, ऑर्डर येईना. शेवटी बायको म्हणाली, "रागावू नका. गौरीने वाट्या जयनगरच्या भांडेवाल्याला दिल्यात."

"जयनगरला? आणि मी काय मेलोय?"

"तुम्हाला नाव आधी कळलं की तुम्ही वाद घालाल म्हणाली. नाव श्रीपादभावजींनी दिलंय ना."

रात्रभर कूस बदलत राहिलो. सकाळी मेट्रो पकडून जयनगरला गेलो. ते दुकान गाठलं. गिऱ्हाइकासारखा आत शिरलो, एक वाटी उचलली, उलटी केली, नखाने टिचकी मारली आणि सहज विचारल्यासारखं कानडीत विचारलं, "येलहंक्याच्या बारशाच्या वाट्या तयार झाल्या का? नाव नीट आलंय ना, जरा बघू."

दुकानदाराने माझ्या टिचकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही भांडेवाले ना?" तो म्हणाला. "मग बारशाआधी नाव विचारता कसे?"

त्याने मला कॉफी पाजली. नाव सांगितलं नाही.

बारशाचा दिवस. हॉल भरलेला. पुण्याहून आलेली आत्या पाळण्यात वाकली, बायकांनी कुर्र केलं. मी कानात प्राण आणून उभा. आत्या सरळ झाली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"कावेरी!"

डोळे भरून आले. गौरीने ऐकलं होतं तर! बापाचं ऐकलं होतं! लोक अभिनंदन करायला येतील म्हणून मी हात पुसून तयार राहिलो.

लोक आले. माझ्या बाजूने पुढे गेले. गौरी बाळाला घेऊन श्रीपादरावांच्या पाया पडत होती.

"काका, तुम्हालाच सुचू शकतं असलं नाव!"

जावई पुण्याच्या पाहुण्यांना समजावून सांगत होते, "काकांचं सजेशन! इथली नदी, इथे जन्मलेली मुलगी. कन्नड, मराठी, तमिळ, कुणाच्याही तोंडात बसतं. क्लासिक आहे, नाही? आम्हाला ऐकताक्षणी आवडलं."

गौरी माझ्याकडे वळली. "अप्पा, खरं सांगा, कसं आहे नाव?"

"छान आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार! थोडं जुनं वाटतं म्हणू?

बायकोने कोपराने ढोसलं. "आज तरी तोंड सरळ ठेवा."

जेवायला बसलो तर शेजारच्या पानावर श्रीपादराव. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी बारशाची वाटी उचलली, उजेडात धरली, 'कावेरी'वरून सावकाश बोट फिरवलं आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले,

"रंगण्णा, जयनगरवाल्याचं अक्षर तुमच्यापेक्षा बरं आहे हो!"