एक माणूस एकदाच

आमच्या कॉम्प्युटर सेक्शनमध्ये काम साचलं की वरून ओरडा व्हायचा. किस्से साचले तर कुणाला पत्ता नाही! पोर लुईच्या, आमच्या बेटाच्या राजधानीतल्या, त्या खोलीत आम्ही तिघं: सेक्शन चालवणारी इंदूताई, मशीन चालवणारा रोझेर आणि कार्डांना भोकं पाडणारी मी. शाळा, दवाखाना, नोकरी, सगळीकडच्या नोंदी जुळवायच्या आणि एक माणूस एकदाच मोजायचा, हे काम. वर्षअखेर जमलं नाही तर सेक्शन बंद, असं मोठ्या साहेबांनी बजावलेलं. हे मशीन यावं म्हणून ताईनं किती उंबरठे झिजवले होते! ते परत जाणार म्हटलं की तिचा जीव खालीवर व्हायचा. पण आम्हाला एवढंच म्हणाली, "इथं 'पा कापाव' बोलायचं नाही." पा कापाव म्हणजे क्रेओलमध्ये जमत नाही.

*

हवा दमट. कार्डं फुगायची आणि मशीनमध्ये अडकायची. रोझेर वैतागला, तर ताई घरून इस्त्री घेऊन आली. मी गठ्ठा घेऊन दाबायला बसले. तेवढ्यात साहेबांचा शिपाई डोकावून गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा शर्ट घेऊन आला.

*

खोलीत एसी होता, पण मशीनसाठी. बाहेर जानेवारीचं, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्याचं ऊन आणि आत आम्ही स्वेटरात. तक्रार केली तर ताई म्हणे, मशीनला बरं वाटतंय ना, मग झालं.

एकदा स्वेटर काढायची विसरले आणि तशीच गच्च भरलेल्या बसमध्ये चढले. हिला ताप आहे म्हणून शेजारची बाई लांब सरकली. मी ऐसपैस बसले. त्यानंतर बसमध्ये स्वेटर मुद्दाम घालायला लागले.

*

वादळाचा इशारा आला आणि सगळं ऑफिस घरी पळालं. ताईनं आपला रेनकोट कार्डांच्या पेट्यांवर घातला आणि स्वतः भिजत आपल्या गावी, मोंतान्य ब्लांशला गेली. वादळ सरलं तरी वीज नव्हती, म्हणून आम्ही कार्डं हातानंच लावत बसलो. रोझेर म्हणाला, आता मशीन आपणच. मग बिघडू नकोस, ताई म्हणाली.

*

खरी डोकेदुखी नावांची. आपली मराठी नावं जुन्या कारकुनांनी फ्रेंच कानांनी ऐकून लिहिलेली. ब्रीझे वेर्दिएर गावच्या दोन सख्ख्या भावांची तर तऱ्हाच न्यारी. एकाचं आडनाव बापाच्या नावावरून, दुसऱ्याचं आजोबांच्या. एका घरची माणसं एकत्र लावताना मशीननं दोघांना परके ठरवलं. थोरल्याला बोलावून मी म्हटलं, काका, चूक झाली, दुरुस्त करते.

"राहू दे तसंच, बाय," तो म्हणाला. "मशीनला आमच्या घरातलं बरोबर कळलंय."

*

शेवटी मोठे साहेब परीक्षा घ्यायला आले. विठोजीसाहेब, आपल्यातलेच, पण बोलायचे फ्रेंचमधून. म्हणाले, माझंच नाव शोधा.

बटण ताईनंच दाबलं. कागद सरकत बाहेर आला. विठोजी तीन निघाले! शाळेतला 'व्ही'नं, दवाखान्यातला 'डब्ल्यू'नं, नोकरीतला 'बी'नं.

झालं तर मग, साहेब म्हणाले, सेक्शन बंद.

ताईनं कागद त्यांच्यापुढे धरला.

"यातले कुठले साहेब बंद करतायत? उरलेल्या दोघांना विचारलंत का?"